सहा मेणबत्त्या आणि एक बुडालेला खजिना

लेकीच्या बाळंतपणाला आईनं जायचं, ही आपली जुनी रीत. लेक जर्मनीत असली की आईबरोबर बाबांचंही तिकीट काढायचं, ही अलीकडची रीत. या अलीकडच्या रीतीनं दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात मी ड्रेस्डेनला पोचलो. दोन दिवसांत लक्षात आलं, की बाळंतिणीच्या घरात बाबा नावाच्या माणसाला तसं काही कामच नसतं. डिंकाचे लाडू वळायला सौ., बाळाला न्हाऊमाखू घालायला सौ., रात्री बाळ रडलं की उठायला जावई. बाहेर कडाक्याची थंडी आणि चार वाजताच अंधार. मी आपला खिडकीशी बसून ट्रॅम मोजत होतो.

नाताळच्या सुटीतल्या अशाच एका दुपारी शेजारच्या आजी त्यांच्याकडचा सुकामेव्याचा नाताळी केक घेऊन बाळाला बघायला आल्या. टीव्ही चालू होता. पडद्यावर हिरव्यागार डोंगरातून दोन घोडेस्वार चालले होते. एक सोनेरी केसांचा गोरा, दुसरा लांब काळ्या केसांचा तांबडा इंडियन, हातात चांदीचे खिळे ठोकलेली बंदूक. मागे संथ, मन भरून टाकणारं संगीत. आजींनी केकची बशी माझ्या हातात दिली, बाळाला विसरल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. सत्तरी ओलांडलेली ती बाई पुढचा दीड तास त्या सिनेमातल्या सुरांबरोबर गुणगुणत होती.

सिनेमाचं नाव ‘चंदेरी सरोवरातला खजिना’. गोष्ट साधी. एका माणसाचा खून होतो, कारण त्याच्याकडे खजिन्याच्या नकाशाचा अर्धा तुकडा आहे. उरलेला अर्धा दुसऱ्याकडे आहे. ब्रिंकली नावाचा दुष्ट माणूस टोळी घेऊन सोन्याच्या मागे, आणि मेलेल्याचा तरुण मुलगा, ओल्ड शॅटरहँड नावाचा गोरा वीर व विनेटू नावाचा अपाची सरदार त्या टोळीच्या मागे. शेवटी गुहेत खजिना सापडतो, टोळीतले लोक सोन्यासाठी एकमेकांनाच मारतात आणि ब्रिंकली खजिन्यासकट धरणीच्या पोटात जातो. सोनं कुणालाच मिळत नाही. दोन मित्र घोड्यांवर बसून निघून जातात.

जावयानं मला मग एकेक नवल सांगितलं. अमेरिकेच्या रानातला हा सिनेमा अमेरिकेत चित्रित झालेलाच नव्हता. ते चंदेरी सरोवर म्हणजे त्या वेळच्या युगोस्लाव्हियातली, आताच्या क्रोएशियातली प्लिटवित्सेची तळी. विनेटू झालेला पिएर ब्रीस फ्रेंच. शॅटरहँड झालेला लेक्स बार्कर अमेरिकन, पूर्वी पाच सिनेमांत टारझन झालेला. दोघांचेही जर्मन संवाद दुसऱ्यांच्या आवाजात. आणि सगळ्यावर कडी म्हणजे ज्या लेखकाच्या कादंबरीवरून हा सिनेमा निघाला, त्यानं ती लिहिली तेव्हा अमेरिकेचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. त्याऐवजी त्यानं दुसरंच एक ठिकाण चांगलं सात-आठ वर्षं पाहिलं होतं. तुरुंग.

या लेखकाचं नाव कार्ल माय. आपल्याकडच्या ‘माय’सारखाच उच्चार. जर्मन घरांत हे नाव आपल्याकडच्या एखाद्या जुन्या गोष्टीवेल्हाळ काकांसारखं घेतलं जातं. मी मात्र ते पहिल्यांदाच ऐकत होतो. आयुष्यभर शाळामास्तर, त्यातली अठरा वर्षं मुख्याध्यापक. तुरुंगात गेलेला लेखक म्हटल्यावर मास्तरी कुतूहल जागं झालंच. पुढे कळलं, की हा मनुष्यही शिक्षकच होता आणि त्याची शिक्षकी एका घड्याळापायी गेली. मग तर मला चैन पडेना. त्याला एक जुनं कारण होतं. ते शेवटी सांगेन.

कार्ल माय २५ फेब्रुवारी १८४२ रोजी सॅक्सनीतल्या एर्न्स्टटाल या गावी जन्मला. ड्रेस्डेनही याच प्रांतातलं. बाप हातमागावरचा विणकर. चौदा मुलं झाली, त्यातली नऊ तान्हेपणीच गेली. यंत्रमागांमुळे हातमागाला घरघर लागलेली. घरात खायचे वांधे. पुढे आत्मचरित्रात त्यानं लिहिलं, की लहानपणी आपण काही वर्षं आंधळे होतो, आणि त्या अंधारात आजीनं सांगितलेल्या गोष्टी हेच आपलं जग होतं. आजच्या अभ्यासकांना या आंधळेपणाबद्दल शंका आहे. कार्ल मायच्या बाबतीत ही अडचण कायमचीच. पण आजी होती आणि तिच्या गोष्टी होत्या, यात शंका नाही.

बाप तापट. स्वतःला शिकता आलं नाही म्हणून मुलानं तरी शिकावं, ही त्याची ईर्षा. हाताला येईल ते पुस्तक तो मुलाकडून वाचून आणि उतरवून घ्यायचा, चुकलं की मारायचा. शिकवणीचे पैसे जमवायला कार्ल गावच्या खानावळीत, पाडलेल्या लाकडी बाहुल्या पुन्हा उभ्या करण्याचं काम करी. त्याच खानावळीत भाड्यानं मिळणारी पुस्तकं होती: उमद्या दरोडेखोरांच्या, श्रीमंताला लुटून गरिबाला देणाऱ्यांच्या कादंबऱ्या. आत्मचरित्रात तो सांगतो, की घरची हलाखी बघून एक दिवस आपण चिठ्ठी लिहून घर सोडलं. कुठे निघालो? तर स्पेनला, एखादा उमदा दरोडेखोर गाठून आईबापांसाठी मदत मागायला! बापानं वाटेतूनच परत आणलं.

शिक्षक होणं ही गरिबाच्या मुलाला त्या काळी परवडणारी एकमेव पायरी. १८५६ मध्ये कार्ल वाल्डेनबुर्गच्या अध्यापक विद्यालयात दाखल झाला. १८५९ च्या नाताळाआधी विद्यालयातल्या दिव्याबत्तीची जबाबदारी त्याच्याकडे होती. त्यानं सहा मेणबत्त्या बाजूला काढल्या. घरी आईबहिणींचा नाताळ तरी उजेडात व्हावा, हे त्यानं पुढे दिलेलं कारण. सोबतच्या मुलांनी चुगली केली. सहा मेणबत्त्यांसाठी त्याला विद्यालयातून काढण्यात आलं.

गयावया करून, अर्जविनंत्या करून त्याला प्लाउएन गावी शिक्षण पुरं करू दिलं गेलं. १८६१ मध्ये तो शिक्षक झाला. पहिली नोकरी दोन आठवडेही टिकली नाही, कारण घरमालकानं, हा माझ्या बायकोच्या मागे लागतो, अशी तक्रार केली. दुसरी नोकरी केम्नित्सजवळ, कारखान्यात राबणाऱ्या मुलांच्या शाळेत. खोलीतल्या सोबत्याचं एक जादा घड्याळ तो शाळेत वेळ पाहायला नेत असे, असं त्याचं म्हणणं. नाताळच्या सुटीत ते घड्याळ न सांगता खिशात घालून तो घरी गेला. सोबत्यानं पोलिसांत वर्दी दिली. सहा आठवड्यांची कैद झाली, आणि मग शिक्षकांच्या यादीतून नाव कायमचं खोडलं गेलं. कैद झाली तेव्हा वय पुरतं एकवीसही नव्हतं.

इथून पुढचं वाचताना हसावं की रडावं कळत नाही. शाळेनं ज्याला मास्तर होऊ दिलं नाही, त्यानं स्वतःच स्वतःला पदव्या द्यायला सुरुवात केली. १८६४ मध्ये पेनिग गावी तो डोळ्यांचा डॉक्टर बनून गेला, शिंप्याकडून भारी कपडे शिवून घेतले आणि पैसे न देता पसार झाला. जाता जाता एका रुग्णाला औषधही लिहून दिलं! लाइपझिगमध्ये असाच फरचा कोट लांबवला. १८६५ मध्ये पकडला गेला आणि चार वर्षांच्या शिक्षेवर त्स्विकाऊच्या कारागृहात गेला. सुटून आल्यावर काही महिन्यांतच तो पोलीस अधिकारी बनला. दुकानदारांकडे जाऊन, तुमच्या गल्ल्यातल्या नोटा खोट्या आहेत, असं सांगत तो त्या जप्त करी. अटक झाली, निसटला, महिनोन् महिने रानात भटकला. १८७० च्या आरंभी बोहेमियात सापडला तेव्हा आपण मार्टिनिक बेटावरच्या मळेवाल्याचे चिरंजीव आहोत, असं त्यानं सांगितलं. पुन्हा चार वर्षं, या वेळी वाल्डहाइमच्या सक्तमजुरीच्या तुरुंगात.

मला यात एक गोष्ट जाणवली. या लफंग्याची मिळकत हास्यास्पद होती. चार कपडे, एखादा कोट, थोड्या नोटा. त्याला हवं होतं ते सोंग. डॉक्टर, अधिकारी, मळेवाल्याचा मुलगा. विणकराच्या पोराखेरीज कुणीही.

तुरुंगानं त्याला दोन गोष्टी दिल्या. त्स्विकाऊच्या कारागृहात पुस्तकालयाचं काम मिळालं, आणि तिथंच त्यानं पुढे लिहायच्या गोष्टींची शंभराहून अधिक शीर्षकांची एक यादी करून ठेवली. वाल्डहाइममध्ये योहानेस कोख्टा नावाचे कॅथलिक धर्मशिक्षक भेटले. स्वतः प्रोटेस्टंट असलेल्या कैद्याशी ते माणसासारखे वागले. त्या चांगुलपणाचं ऋण माय जन्मभर मानत राहिला. १८७४ च्या मे महिन्यात तो सुटला. त्यानंतर त्यानं परत चोरी केली नाही. सोंगाची खोड मात्र गेली नव्हती. होणाऱ्या बायकोच्या मामाच्या मृत्यूची चौकशी करायला सरकारी माणूस म्हणून गेला, आणि १८७९ मध्ये आणखी तीन आठवडे आत काढले.

ड्रेस्डेनचा म्युन्शमायर नावाचा प्रकाशक दारोदार विकायच्या स्वस्त मासिकांचा धंदा करी. १८७५ मध्ये त्यानं या सुटून आलेल्या कैद्याला संपादक म्हणून ठेवलं. माय लिहू लागला आणि लिहीतच राहिला. गावच्या गोष्टी, विनोदी गोष्टी, अरबस्तानच्या, अमेरिकेच्या. १८८० मध्ये एम्मा पोलमरशी लग्न झालं. १८८२ पासून पाच वर्षांत त्यानं म्युन्शमायरसाठी हप्त्याहप्त्यानं निघणाऱ्या पाच अगडबंब कादंबऱ्या रतीब घातल्यासारख्या पाडल्या. काही टोपणनावानं, काही निनावी. पोट भरत होतं. पण करार तोंडी होता. ते पुढे महागात पडायचं होतं.

चांगलं लिखाण तो दुसरीकडे देत होता: रेगेन्सबुर्गच्या एका कौटुंबिक साप्ताहिकात, श्टुटगार्टच्या एका मुलांच्या साप्ताहिकात. ‘चंदेरी सरोवरातला खजिना’ ही गोष्ट त्याच मुलांच्या साप्ताहिकात १८९० ते १८९१ या काळात क्रमशः आली. नकाशे, प्रवासवर्णनं, शब्दकोश घेऊन हा माणूस रात्र रात्र टेबलाशी बसे आणि न पाहिलेल्या प्रेअरीवर घोडे सोडी. १८९२ मध्ये फ्रायबुर्गच्या फेझेनफेल्ड या प्रकाशकानं त्याची प्रवासकथामाला देखण्या हिरव्या बांधणीत काढायला घेतली. १८९३ मध्ये ‘विनेटू’चे तीन भाग आले आणि पन्नाशीतला हा माजी कैदी जर्मनीचा सर्वांत लाडका लेखक झाला.

त्या कथांत होतं तरी काय? दोन माणसांची मैत्री. एक गोरा परदेशी, जो शक्यतो कुणाला ठार मारत नाही, एका ठोशात आडवं करतो आणि सोडून देतो. दुसरा अपाची सरदार, शूर, मितभाषी, न्यायी. दोघं एकमेकांचं रक्त पिऊन भाऊ होतात. सोन्याच्या मागे लागणारा प्रत्येक माणूस या कथांत सोन्यापायी मरतो. आणि गुन्हेगाराला पुन्हा पुन्हा एक संधी दिली जाते. हे शेवटचं कुणी लिहिलं, हे ठाऊक झाल्यावर वाचणं थांबवून क्षणभर खिडकीबाहेर पाहावं लागतं.

इथं एक कडू गोष्टही सांगायला हवी. मायची ही गोष्ट जर्मन मुलं हप्त्याहप्त्यानं वाचत होती, त्याच काळात, २९ डिसेंबर १८९० रोजी, अमेरिकेत वूंडेड नी या ठिकाणी लष्करानं दीडशेहून अधिक लाकोटा स्त्री-पुरुष-मुलांची कत्तल केली. खरे इंडियन असे संपत होते आणि कागदावरचा विनेटू अमर होत होता. मायनं त्यांच्या बाजूनं अश्रू ढाळले हे खरं, पण त्याचा विनेटू खऱ्या अपाचींपेक्षा जर्मन घरातल्या सज्जन मुलासारखाच जास्त वागतो, हेही खरं. २०२२ मध्ये विनेटूवरच्या एका नव्या मुलांच्या सिनेमासोबतची पुस्तकं प्रकाशकानं याच टीकेमुळे मागे घेतली, तेव्हा जर्मनीत घराघरांत वाद झाले. आमच्या शेजारच्या आजींचंही त्यावर ठाम मत होतं, आणि जावयाचं त्याच्या बरोबर उलट.

पुन्हा मायकडे वळू. कीर्ती आली आणि जुनी खोड उफाळली. कथांतला नायक प्रथमपुरुषी. वाचक विचारत, हे सगळं खरंच घडलं का? मायनं सांगून टाकलं, की हो. ओल्ड शॅटरहँड मीच. अरबस्तानातला कारा बेन नेमसीही मीच. १८९६ मध्ये त्यानं शिकाऱ्याच्या वेशात गळ्यात अस्वलाच्या दातांची माळ घालून फोटो काढून घेतले आणि ते विकले. घराजवळच्याच एका बंदूक कारागिराकडून अस्वलमारी बंदूक आणि विनेटूची चांदीच्या खिळ्यांची बंदूक बनवून घेतली. राडेबॉइल गावात बंगला घेतला, त्याला नाव दिलं ‘व्हिला शॅटरहँड’. नावामागे डॉक्टर लावू लागला. त्यासाठी शिकागोतल्या एका कागदी विद्यापीठाची पदवीही पुढे मिळवली. भाषणांना गर्दी लोटे. आपल्याला डझनावारी भाषा येतात आणि विनेटूनंतर हजारो अपाची वीर आपल्या शब्दात आहेत, असं तो सांगे आणि मोठी शहाणी माणसं ते ऐकून घेत.

पेनिगच्या शिंप्यापुढे उभा राहिलेला तोच डोळ्यांचा डॉक्टर! फरक एवढाच, की आता शिंपी सारा देश होता आणि कपडे आनंदानं देत होता.

१८९९ मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, माय आयुष्यात पहिल्यांदा पूर्वेकडे निघाला. इजिप्त, पॅलेस्टाइन, सिलोन, सुमात्रा. ज्या वाळवंटात त्याच्या नायकानं शंभर लढाया मारल्या होत्या, तिथं त्याला उकाडा, माश्या, पैसे मागणारे वाटाडे आणि हॉटेलांतले कंटाळलेले प्रवासी भेटले. तो दोनदा मनानं पार कोसळला. खरं जग समोर आल्यावर खोट्याला उभं राहायला जागाच उरली नाही. दीड वर्षांनी परतला तो वेगळा माणूस होऊन. पुढची पुस्तकं साहसाची नव्हती. शांततेची, धर्माधर्मांतल्या सलोख्याची, रूपकात्मक. जुन्या वाचकांना ती जड गेली.

आणि त्याच वेळी वर्तमानपत्रं मागे लागली. तो प्रवासात असतानाच फ्रांकफुर्टच्या मोठ्या दैनिकानं त्याच्या थापांवर बोट ठेवलं होतं. म्युन्शमायरचा धंदा विकत घेणाऱ्यानं त्या जुन्या स्वस्त कादंबऱ्या १९०१ पासून मायच्या खऱ्या नावानं बाजारात आणल्या. माय कोर्टात गेला, आणि एकदा कोर्टाची पायरी चढल्यावर मग उतरलाच नाही. १९०३ मध्ये एम्माशी घटस्फोट झाला, मित्राची विधवा क्लारा प्लोन हिच्याशी लग्न झालं. मग रुडॉल्फ लेबियुस नावाचा पत्रकार उठला आणि त्यानं तुरुंगाचे जुने कागद धुंडाळून छापले. सहा मेणबत्त्या, घड्याळ, फरचा कोट, सगळं चव्हाट्यावर. लेबियुसनं त्याला जन्मजात गुन्हेगार ठरवलं. मायनं अब्रुनुकसानीचा दावा लावला. एप्रिल १९१० मध्ये खालच्या कोर्टानं लेबियुसला निर्दोष सोडलं. म्हणजे सत्तरीला टेकलेल्या, पस्तीस वर्षं लेखणीवर जगलेल्या माणसाला जन्मजात गुन्हेगार म्हणायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ झाला.

मधल्या काळात, १९०८ मध्ये, तो क्लाराबरोबर अमेरिकेला जाऊन आला. वय सहासष्ट. न्यूयॉर्क, नायगारा, बफेलो. बफेलोच्या पश्चिमेला तो गेलाच नाही. अपाचींचा मुलूख तिथून हजारो मैल दूर. नायगाराजवळ टस्करोरा इंडियनांची वस्ती मात्र त्यानं पाहिली, आणि बफेलोच्या दफनभूमीत रेड जॅकेट या सेनेका सरदाराच्या स्मारकाशी जाऊन उभा राहिला. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ज्यानं लाखो मुलांना इंडियनांचं वेड लावलं, तो म्हातारा शेवटी खऱ्या इंडियनांपर्यंत पोचला तो एका थडग्यापाशी.

१९१० मध्ये त्यानं आत्मचरित्र लिहिलं आणि त्यात शिक्षा भोगल्याचं कबूल केलं. तिथंही काही रंगवलंच आहे, पण मुख्य ते लपवलं नाही. डिसेंबर १९११ मध्ये बर्लिनच्या वरच्या कोर्टानं निकाल फिरवला आणि लेबियुसला शंभर मार्क दंड झाला. त्यानंतर २२ मार्च १९१२ रोजी व्हिएन्नात त्याचं भाषण झालं. दोनेक हजार माणसांनी सभागृह भरलेलं. पहिल्या रांगांत शांततेचं नोबेल मिळालेल्या बर्था फॉन झुटनर. विषय होता, माणसानं हीनत्वातून उमदेपणाकडे कसं चढावं. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आठ दिवसांनी, ३० मार्चला, राडेबॉइलच्या घरी कार्ल माय वारला.

मेल्यानंतर तो आणखीच वाढला. कोट्यवधी प्रती खपल्या. हिटलरही त्याचा वाचक निघाला, याचा डाग त्याच्या नावाला लागला. शांततेसाठी बोलून मेलेल्या माणसाचा यात काय दोष? पूर्व जर्मनीतल्या सरकारनं १९८० च्या दशकापर्यंत त्याची पुस्तकं छापलीच नाहीत. आमच्या आजी त्याच राजवटीत वाढलेल्या. घरोघरची जुनी, पानं सुटलेली पुस्तकं वर्तमानपत्रात गुंडाळून कशी फिरत, हे त्यांनी सांगितलं. पश्चिम जर्मनीत १९६२ च्या डिसेंबरात ‘चंदेरी सरोवरातला खजिना’ लागला. निर्माता होर्स्ट वेंडलांट, दिग्दर्शक हाराल्ट राइन्ल, संगीत मार्टिन बोट्शरचं. तीस लाखांहून अधिक लोकांनी तो पाहिला. यांना मात्र तो बघायला पुढे चेकोस्लोव्हाकियात सहलीला जावं लागलं. या सिनेमाच्या यशानंतर युरोपात असे घोडेस्वारी सिनेमे काढण्याची लाटच आली. १९६४ मध्ये इटलीच्या सर्जिओ लिओनीनं स्पेनच्या माळावर आपला पहिला असा सिनेमा काढला. ‘शोले’वर लिओनीची छाया आहे हे आपण जाणतोच, तेव्हा गब्बरच्या त्या खडकाळ मुलखाची एक दूरची वाट या निळ्या तळ्याकडून येते, असं म्हणायला हरकत नाही.

फेब्रुवारीत थंडी जरा ओसरल्यावर मी चार नंबरच्या ट्रॅमनं राडेबॉइलला गेलो. ट्रॅम घराच्या खिडकीतून रोज दिसायची, तीच. ‘व्हिला शॅटरहँड’मध्ये आता संग्रहालय आहे. टेबल, पुस्तकांनी भरलेल्या भिंती, शब्दकोश, नकाशे. त्या बंदुकाही पाहिल्या. ज्या बंदुकांनी कधी काही मारलं नाही, आणि ज्यांच्यावर एका पिढीनं देवासारखा विश्वास ठेवला. मी बराच वेळ उभा राहिलो, पण डोळ्यांपुढे बंदुका नव्हत्या. एक शाळा सोडल्याचा दाखला होता.

आता ते कारण सांगतो. १९९६ साल. मी नुकताच मुख्याध्यापक झालेलो. नववीतल्या एका मुलाकडे सहलीचे पैसे गोळा करायचं काम वर्गशिक्षकांनी दिलेलं. हिशेबात एकशे ऐंशी रुपये कमी आले. मुलानं आधी नाही म्हटलं, मग कबूल केलं. घरी आई आजारी होती असं काहीतरी सांगितलं. आम्ही ते बहाणा म्हणून सोडून दिलं. उदाहरण घालून द्यायला हवं, असं सगळ्यांचं मत पडलं. मी दाखला लिहिला. दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो. तिथं सवयीनं ‘चांगली’ लिहितात. मी ‘असमाधानकारक’ लिहिलं. अक्षर नेहमीप्रमाणे वळणदार आलं. तो दाखला घेऊन मुलगा जवळच्या दोन शाळांत गेला, दोन्हींनी घेतलं नाही, आणि त्याचं शिक्षण तिथंच संपलं, हे मला नंतर कळलं. कळूनही मी काही केलं नाही.

मी निवृत्त झालो त्या वर्षी एस. टी. स्टँडवर एका माणसानं वाकून नमस्कार केला. मी ओळखलं नाही. त्यानं नाव सांगितलं. त्याचा स्वतःचा टेम्पो होता, मुलगी पहिलीत होती. तक्रारीचा एक शब्द नाही. बोलता बोलता सहज म्हणाला, की पोरीच्या फीची एकूण एक पावती आपण फायलीत लावून ठेवतो. उद्या कुणी म्हणायला नको. माझी गाडी लागली. मी चढलो. खिडकीतून हात हलवला त्यानं. मला हलवता आला नाही.

कार्ल मायची कहाणी सांगताना लोक शेवटी म्हणतात, बघा, अंगात गुण असला की माणूस तुरुंगातूनही वर येतो. मला ते पटत नाही. तो वर आला, कारण त्याला लेखणी होती, एक कोख्टा भेटला, आणि खोटं बोलण्याची विलक्षण ताकद होती. त्या ताकदीनं त्याला तारलं आणि तिनंच बुडवलं. ज्याच्याकडे यातलं काही नसतं, तो गुपचूप पावत्या फायलीत लावत राहतो. सहा मेणबत्त्यांची किंमत जगानं मायकडून पन्नास वर्षं वसूल केली. वाल्डेनबुर्गच्या त्या शिक्षकांची नावं आज कुणाला आठवत नाहीत. त्यांचंही अक्षर वळणदार असेल.

परत आलो तेव्हा लेकीनं विचारलं, संग्रहालय कसं होतं. मी म्हटलं, चांगलं होतं. नातू मांडीवर झोपला होता. मोठा झाल्यावर त्याला चंदेरी सरोवराची गोष्ट मी सांगणार आहे, जमेल तितकी रंगवून. विनेटूची, शॅटरहँडची, बुडालेल्या सोन्याची. आणि तो जरा जाणता झाला, की मग सहा मेणबत्त्यांचीही.